पेंटशॉपमधले अकरा काळे

"आमच्या पेंटशॉपमध्ये अकरा काळे होते,"
व्हर्डेल प्रुइट म्हणाले.
मी मान हलवली, कळल्यासारखी,
आणि मनातल्या मनात अकरा माणसं उभी केली
डब्याची पिशवी काखेत मारलेली, रात्रपाळीची.
"माणसं नव्हे गं," ते म्हणाले. "रंग."

टोलेडो. डॉर स्ट्रीटच्या मागची गल्ली.
नोव्हेंबरातले दुपारचे तीन,
खिडकीतला उजेड ताकासारखा पातळ.
शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं,
पायात चर्चला जायचे बूट,
मांडीवर टोपी अशी, की
कुणी आपलं मूल दोन मिनिटं धरायला दिलंय.
मी ट्रायपॉडचे पाय ओढत होते, ते मोजत होते.

एक काळा पोटात जांभळा लपवणारा,
गाडी उन्हात वळली की डोळा मारायचा.
एक नुसत्या काजळीचा, खोली नसलेला,
सरकारी गाड्यांना तोच लागे.
एक तळ्याच्या तळासारखा, हिरव्याकडे कललेला.
एक तपकिरी, ऊबदार: "ही आमची लुव्हेनिया,"
असं म्हणून भिंतीकडे बघितलं,
जिथं खिळा होता, फोटो नव्हता.
सातवा आठवेना.
नववा चहाडखोर, धुळीचा कण बसला की
आख्ख्या पाळीला सांगायचा.

एकोणतीस वर्षं त्यांना पगार मिळाला
काळ्यातून काळा निवडून काढण्याचा.
"आणि फाटकाबाहेर आलं
की आम्ही सगळे एकच शेड,"
टोपीवरचा धागा काढता काढता ते म्हणाले.

माझा तिसरीतला वर्गाचा फोटो आहे.
मागचा निळा पडदा छान आलाय.
शेजारच्या मुलीच्या नाकावरचे ठिपके मोजून घ्या.
माझ्या जागी दात, एक पिवळी रिबन
आणि मध्ये सांडलेली शाई.
पैसे भरलेले, म्हणून आईनं फेकला नाही.
भिंतीवरही लावला नाही.
विजेच्या बिलांखाली, ड्रॉवरमध्ये
मी काही वर्षं तिथंच मोठी झाले.

कॅमेऱ्यातल्या मीटरला वाटतं, जग राखाडी आहे.
नसेल, तर ते करून देतं.
त्याचं ऐकलं असतं
तर खुर्चीत राखेचा माणूस बसला असता.
मी दोन घरं खाली आले, मग अर्धं आणखी.
प्रदर्शनवाल्यांचा निरोप खिशात वाजत होता:
मागे एखादं पडकं घर येईल का?

"थांब," ते म्हणाले, आणि उठले.
पलंगावरची पांढरी चादर ओढली,
इस्त्रीच्या टेबलावर उभी टाकली, डावीकडे,
खिडकीचा पडदा वीतभर सरकवला.
"रंग समोरून बघायचा नसतो.
तिरका बघ. उजेड अंगावरून घसरू दे,
जिथं अडखळेल तिथं माणसाचा हात लागलेला असतो."

आणि उजेड घसरला.
कपाळावर काळाशार, ओल्या फरशीसारखा,
गालफडाखाली तपकिरी, डोळ्यांच्या कडेला
निळसर, जवळजवळ जांभळा,
कानामागे कुठल्याशा जुन्या भाजल्याचा गुलाबी चट्टा,
तिथं तो अडखळला. मी बटण दाबलं.

पडद्यावर त्यांनी स्वतःला बराच वेळ बघितलं,
चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून.
मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
"हनुवटीखाली दाढी राहिलीय," म्हणाले
आणि न्हाणीघरात गेले.
नळ वाहत राहिला.
परत आले ओल्या हनुवटीनं, तोवर
नोव्हेंबरानं खोली आवरून घेतली होती.

मग आम्ही कॉफी प्यालो, अंधारातच.
लुव्हेनियाचा फोटो त्यांच्या मुलीनं नेलाय, ॲक्रनला,
स्कॅन करून आणते म्हणून. चार वर्षं झाली.

मी डिकीत ट्रायपॉड ठेवत होते
तेव्हा पोर्चवरून हाक आली: "सातवा आठवला!"
तेवढ्यात बस गेली मधून.
पलीकडे फक्त त्यांचा हात दिसला,
हवेत तिरका धरलेला,
नसलेल्या कुठल्यातरी गाडीच्या वळणावरून
हळूहळू फिरणारा.